पट्टी सुटायच्या आधी

५ जानेवारी, रविवार

काल तात्यांनी ट्रॅक्टर कालव्याच्या पुलावर कठड्याला घासला. मागे उसाने भरलेल्या दोन ट्रॉल्या, समोर अचानक कालवड. कालवड वाचली, माणसं वाचली, पुढचं मडगार्ड चेपलं. एवढंच. पण शेजारी बसलेला माझा भाऊ विलास म्हणतो, तात्यांचा पाय ब्रेकवर उशिरा गेला.

आज सकाळी जळोचीच्या माझ्या घरून सांगवीला माहेरी गेले, तेव्हा किल्ली विलासच्या खिशात होती आणि तात्या ओट्यावर आमच्याकडे पाठ करून बसले होते. वय बहात्तर. त्यातली पन्नास वर्षं स्टेअरिंगवर.

"उशिरा न्हाय लावला," भिंतीकडे बघतच म्हणाले. "दाबत दाबत लावला. मागं भरल्याल्या दोन ट्रॉल्या असताना एकदम पाय मारला असता, तर त्या दुमडून आपल्याच अंगावर आल्या असत्या."

विलास: "मी शेजारी हुतो तात्या. पाय पयल्यांदा हाललाच न्हाय."

मग दोघेही माझ्याकडे बघायला लागले. विलास म्हणाला, "ताई, तू फिजिक्स शिकवतीस. मोजून सांग. तू म्हणशील ते फायनल."

तात्या: "मोज की. बापाला काट्यावर घाल."

मी हो म्हणाले. लगेच. का? शेहेचाळीस वर्षांच्या बाईने निदान एक दिवस मागून घ्यायला हवा होता.

६ जानेवारी, सोमवार

इंदापूर. अकरावीच्या वर्गात पट्टीचा प्रयोग घेतला. मी तीस सेंटिमीटरची पट्टी वरून उभी धरायची, समोरच्याने शून्यावर अंगठा आणि बोट उघडं ठेवायचं. न सांगता मी पट्टी सोडते. ती जिथे चिमटीत सापडते तो आकडा. आकडा जितका लहान तितकी माणसाची प्रतिक्रिया जलद. पडणाऱ्या वस्तूच्या सूत्रातून वेळ निघतो. 

मुलं पंधरा-सोळावर पकडतात. एका मुलीने अकरावर पकडली, सगळा वर्ग ओरडला. मग तिनेच विचारलं, "मॅडम, तुमची?"

एकवीस. परत एकदा. बावीस.

"मॅडम, चांगलं आहे की," ती म्हणाली. ज्या आवाजात आपण लहान मुलाचं चित्र चांगलं आहे म्हणतो, त्या आवाजात.

१२ जानेवारी, रविवार

सांगवी. प्रत्येकी दहा प्रयत्न, टेबलावर कोपर टेकवून, उजवा हात.

वि. – सोळा ते अठरा. चार वेळा त्याने पट्टी सुटायच्या आधीच मूठ मिटली. ते प्रयत्न बाद. खोडून परत घेतले.
मी – एकवीस, बावीस. (पट्टी विलासने धरली. माझाही एक प्रयत्न बाद.)
ता. – सव्वीस, अठ्ठावीस, पंचवीस, सत्तावीस... तीन वेळा पट्टी सरळ खाली.

तिसऱ्यांदा पडली तेव्हा तात्यांनी ती वाकून उचलली, धोतराला पुसली आणि माझ्या हातात दिली. "धर, मास्तरीणबाई."

आई चुलीपाशी होती. "ती पट्टी काय पळून चाललीया व्हय? हितंच तर पडतीया. एवढी कशाला झोंबाझोंबी?"

 विलासने खिशावरून हात फिरवला, किल्ली आहे का बघितल्यासारखा. जिंकल्याचा आनंद त्याच्या तोंडावर नव्हता, हे नोंदवून ठेवते. त्याला बाप हवा आहे. मलाही तोच हवा आहे. फक्त कुठला बाप, ट्रॅक्टरवरचा की ओट्यावरचा, यावर

(इथे थांबले. वाक्य पुढे जाईना.)

१४ जानेवारी, मंगळवार

कॉलेजवरून परस्पर सांगवीला. तिळगूळ. आईला मुद्दाम विचारलं, तात्या हल्ली हळू झालेत का गं?

आई हसायलाच लागली. "हल्ली? अगं, लग्नात मी हार घालायला हात वर केला, तर हे आपले बघत उभे. भटजी म्हनले, मान वाकवा. तरी बघत उभे. माझे हात भरून आले. मागनं मामा वरडला तवा वाकले."

"कशाला थांबले होते?"

"म्हनले, आधी तुझा हार नीट धरल्याला हाय का बघत हुतो."

हसण्यावारी नेलं, पण घरी येताना डोक्यात राहिलं. माझ्याकडे तात्यांचा विसाव्या वर्षाचा आकडा नाही. तिसाव्याचा नाही, पन्नासाव्याचाही नाही. मग सत्तावीस हा आकडा वयाचा आहे की तात्यांचा, हे मी कशाच्या आधारावर ठरवणार होते?

१८ जानेवारी, शनिवार

बारामतीत डॉक्टरांकडे नेलं. डोळे, गुडघ्यावर हातोडी, बोट नाकाला लावा, एका रेषेत चाला. शंभरातून सात सात वजा करायला लावले. घड्याळ काढायला सांगितलं. तात्यांनी वाटोळं काढलं, आकडे भरले, काटे काढले आणि मग विचारलं, "चावी कुठल्या बाजूला काढू?"

डॉक्टर म्हणाले, वयाच्या मानाने उत्तम. मान मात्र आखडली आहे, मागे पूर्ण वळत नाही. वाहनाबद्दल विचारलं तर: "घरच्यांनी बघून ठरवावं."

स्कूटरवर तात्या मागे बसले. मग कानापाशी: "उत्तम म्हनला, का वयाच्या मानानं म्हनला? त्यातलं खरं कुठलं?"

 मी हॉर्न वाजवला.

२० जानेवारी, सोमवार

मोकळ्या तासाला मुलाणी मॅडमना गाठलं. त्या जीवशास्त्र शिकवतात, माझ्यापेक्षा पाच वर्षांनी मोठ्या. सगळं सांगितलं.

त्यांचं म्हणणं, जमेल तसं उतरवते. वय वाढतं तसे मेंदूतले निरोप थोडे सावकाश जातात, हे खरंच आहे, ते गोड करून सांगण्यात अर्थ नाही. पण तरुण माणूस ज्या कामाला मेंदूच्या पुढच्या भागाची एकच बाजू जास्त वापरतो, त्याच कामाला म्हाताऱ्या माणसाच्या बऱ्याचदा दोन्ही बाजू कामाला लागलेल्या दिसतात. काही अभ्यासक म्हणतात, ही मेंदूने शोधलेली मदत. काही म्हणतात, नाही, हे थकल्याचं लक्षण.

"मग खरं काय?"

"भांडण चालू आहे. आणि मंगल, तू आत्ता मला, वहीत फक्त मदतीचंच लिहू का, असं विचारणार होतीस."

होते. ओळखलं त्यांनी.

आणखी एक म्हणाल्या. म्हातारी माणसं नुसती हळू नसतात, खात्री झाल्याशिवाय हलत नाहीत. घाई करून चुकण्यापेक्षा उशीर पत्करतात.

२६ जानेवारी, रविवार

झेंडावंदन करून सांगवी. तिथे वेगळंच सुरू. इंदापूर तालुक्यात आमच्या आत्याचं गाव, तिथल्या यात्रेत यंदा ट्रॅक्टर रिव्हर्सची स्पर्धा आहे. मागे दोन रिकाम्या ट्रॉल्या जोडायच्या आणि फक्कीच्या पांढऱ्या रेघांनी आखलेल्या नागमोडी वाटेने, दोन्ही बाजूंच्या पिंपांना न लागता, उलट्या नेऊन चौकोनात उभ्या करायच्या. विलासने नाव दिलं होतंच. तात्यांनी सकाळी आत्याला फोन करून आपलंही दिलं.

विलास तापला. "लोक काय म्हणतील? बापाला मैदानात उतरवून हसं केलं?"

तात्या: "हसं झालं तर माझं हुईल. तू कशाला तोंड लपिवतोस?"

"तात्या, किल्ली मिळणार न्हाय."

"किल्ली तुझ्याकडं मागतोय कोण?" आणि माझ्याकडे वळले. "न्यायाधीश हित्तं बसल्यात."

मी म्हणाले, अजून माझं मोजून झालेलं नाही. हे खरं होतं की वेळ काढणं होतं? निम्मं निम्मं.

२९ जानेवारी, बुधवार

बारावीची प्रात्यक्षिकं चालू. बाहेरून आलेले परीक्षक एका मुलाच्या वहीत बघून म्हणाले, "हे आकडे खोडलेस का?" मुलगा म्हणाला, चुकीचे आले म्हणून. सर म्हणाले, "बाळा, खोडायचं नसतं. कंस करून ठेवायचं. चुकीचा आकडासुद्धा काहीतरी सांगत असतो."

मी शेजारी उभी. कानाची पाळी गरम झाली.

जेवणाच्या सुट्टीत माझी वही उघडली. १२ जानेवारी. विलासचे चार बाद, माझा एक बाद. खोडलेले. तात्यांचे बाद: शून्य.

वीस वर्षं मुलांना सांगत आले, आलेला आकडा खोडू नका. आणि घरचं माणूस मोजायला बसले तेव्हा पहिली गोष्ट हीच केली. फक्त वेग मोजला. कोण किती वेळा उगाच मूठ मिटतो, हे मोजायचं सोडून पुसून टाकलं. पट्टी सुटायच्या आधी मूठ मिटणं म्हणजे रस्त्यावर काय? नसलेल्या गोष्टीला ब्रेक मारणं, नसलेल्या जागेत स्टेअरिंग वळवणं.

मुलाणी मॅडमना दाखवलं. त्या म्हणाल्या, "दिवे लावू या."

२ फेब्रुवारी, रविवार

मॅडम स्वतः आल्या सांगवीला. प्रयोगशाळेत लाकडी फळीवर हिरवा आणि लाल असे दोन दिवे आणि एक बेलचं बटण बसवून घेतलं होतं. हिरवा लागला की बटण दाबायचं, लाल लागला तर हात हलवायचा नाही. कोणता लागणार, कधी लागणार, ते मॅडमच्या हातात. प्रत्येकी चाळीस वेळा. वेळ मोबाइलवर संथ चित्रीकरण करून काढला. या वेळी एकही आकडा खोडला नाही.

वि. – सगळ्यांत जलद. लालवर सहा वेळा दाबलं.
मी – मधली. लालवर तीन वेळा.
ता. – सगळ्यांत हळू. लालवर एकदाही नाही.

चाळीसच्या चाळीस बरोबर! मी उठून टाळी वाजवली. नंतर लाज वाटली, प्रयोग घेणाऱ्याने टाळ्या वाजवायच्या नसतात. पण वाजवली.

विलास सहाव्या चुकीनंतर बटणाकडे बघत म्हणाला, "आयला, मला तर लाल दिसत हुता. हात आधीच गेला."

तात्या: "तुझा हात लहानपनापास्नं आधीच जातो. भाकरी यायच्या आधी कालवनात."

आई मुलाणी मॅडमना म्हणाली, "तुमी येवढ्या लांबनं आलाव, आता जेवूनच जायाचं. आनि ह्येंला बटन दाबायला लावू नका, आमच्याकडं दिवा गेला तरी ह्ये एक तास बघत बसत्यात, येतो का म्हनून."

३ फेब्रुवारी, सोमवार

काल टाळी वाजवली. आज त्याची दुसरी बाजू लिहिते, नाहीतर ही वही ठेवण्यात अर्थ नाही.

तात्या चुकत नाहीत कारण ते थांबतात. पण कालवडीच्या जागी सायकलवरचं पोर असतं तर? तिथे हिरवा-लाल ओळखत बसायला वेळ नसतो. तिथे सत्तावीस म्हणजे सत्तावीसच.

आणि भरलेल्या ट्रॉल्यांच्या पुढे एकदम ब्रेक मारला तर दुमडतात, हेही खरंच. मग त्या दिवशी पुलावर जे झालं तो उशीर होता की जाणीवपूर्वक दाबत लावलेला ब्रेक? विलासने पाय बघितला. पायामागचा विचार कोणी बघितला?

मी निकाल लावते आहे की बाप वाचवते आहे? दोन्ही एकाच वेळी करता येत असेल तर उत्तम. येत नसेल तर आधी कुठलं?

ठरवलं ते असं: भरलेला ऊस घेऊन डांबरी रस्त्यावर, आत्ता नाही. मोकळं रान आणि यात्रेतलं मैदान, हो. संध्याकाळी फोन करून दोघांना सांगितलं. विलास "बरं" म्हणाला. तात्या म्हणाले, "निम्मा निकाल लागला म्हनायचा," आणि फोन आईकडे दिला.

९ फेब्रुवारी, रविवार

तुटून गेलेल्या उसाच्या रानात सराव. विलासने किल्ली काढून माझ्या हातात दिली, मी तात्यांच्या. सरळ त्यांना का दिली नाही कोण जाणे. दोन पुरुषांमध्ये किल्ली फिरायची तर मध्ये एक हात लागतो बहुतेक.

निळी पिंपं मांडली. मी मडगार्डवर बसले. रिव्हर्स सुरू. मागची ट्रॉली डावीकडे सरकायला लागली, पिंप जवळ येऊ लागलं. मी ओरडले, "तात्या, वळवा! वळवा!"

तात्यांनी नाही वळवलं. हात स्टेअरिंगवर तसाच. एक, दोन... मग जेमतेम चार बोटं फिरवलं. ट्रॉली पिंपापासून वीतभर अंतरावरून सरळ झाली.

"आत्ता का नाही वळवलं लगेच?"

"लगेच वळवलं असतं तर फुडच्या ट्रॉलीनं ऐकलं असतं, मागची रुसली असती. मागचीचं म्हननं हितपतूर यायला येळ लागतो. ते आल्याबिगर हात हलवायचा न्हाय. हलवला की दुमडली."

पन्नास वर्षं हे. रोज. हात हलवायचा नाही, हे शिकलेला हात. आणि त्या हाताखाली मी पट्टी सोडत होते आणि लिहीत होते: उशीर.

मग विलास बसला. झटकन वळवतो, झटकन सुधारतो, बघायला छान वाटतं. दोन पिंपं पाडली. तात्या बांधावरून: "मानूस हायस का वायपर?"

मान मात्र वळत नाही त्यांची. मागचा कोपरा दिसतच नाही. विचारलं तर म्हणाले, "हाय त्याला विलाज."

१६ फेब्रुवारी, रविवार

सराव. तात्यांना भर दुपारी बाराला दोनदा पिंप लागलं. चारनंतर एकदाही नाही. फरक कशाने ते कळेना. बाराला उलट ते कमी दमलेले असतात. तात्या सांगत नाहीत.

मुलाणी मॅडमचं नाव एका मुलाला सांगताना क्षणभर आठवलं नाही. रोज भेटतात त्या.  हे लिहायचं नव्हतं, पण दुसऱ्याचे आकडे वहीत आणि आपले नाहीत, असं कसं चालेल.

२३ फेब्रुवारी, रविवार

आज सावकाश लिहायचं आहे. 

आत्याच्या गावी सकाळी दहाला पोचलो. माळावर मैदान, फक्कीची पांढरी वाट, दोन वळणं, शेवटी चौकोन. चौदा स्पर्धक. नियम: पिंपाला धक्का लागला की दर धक्क्याला दहा सेकंद वाढणार. ट्रॉली दुमडली किंवा ट्रॅक्टर पुढे घ्यावा लागला की बाद.

चिठ्ठ्या निघाल्या. तात्यांचा तिसरा नंबर. बारा वाजता. तात्यांनी आभाळाकडे बघितलं आणि तेराव्या नंबरच्या पोरापाशी गेले. "तुला आधी जायाचंय का रं?" पोरगं खूश, त्याला लवकर मोकळं व्हायचं होतं. पंचांनी हरकत घेतली नाही. मला वाटलं, घाबरले. विलासलाही तेच वाटलं असावं, तो म्हणाला, "तात्या, अजून बी नाव काढून घेऊ."

"तू तुझं बघ."

पोरं भन्नाट चालवतात. एकाने एक मिनिट अडतीस सेकंदांत नेली, तीन धक्के. चौघांच्या दुमडल्या. विलास दहावा. एक मिनिट शेहेचाळीस, दोन धक्के. दोन मिनिटं सहा धरले, आणि तिथवर तोच पहिला! त्याला खांद्यावर घेतलं पोरांनी.

साडेचार वाजता तात्या. लाउडस्पीकरवरचा निवेदक रंगात आलेला. "आता येतायत आपले बहात्तर वर्षांचे तात्या, सांगवीकर! पंच, घड्याळ लावू का कॅलेंडर?" सगळं मैदान हसलं.  आत्या म्हणाली, "मुडदा बशिवला त्याचा, माईक काढून घ्या त्याच्याकडनं."

तात्या चढले. मागे वळून बघितलंच नाही. मान जरा तिरकी, नजर खाली जमिनीवर. मला आधी कळेना काय बघतायत. मग दिसलं. उतरत्या उन्हात ट्रॉल्यांची लांब सावली फक्कीवर पडली होती. मागच्या कोपऱ्याची सावली पुढे सरकत पिंपाच्या सावलीकडे जात होती. न वळणाऱ्या मानेने जे दिसत नव्हतं, ते जमिनीवर उमटलेलं ते वाचत होते. म्हणून दुपारी बाराची पाळी त्या पोराला दिली. म्हणून चारनंतर पिंप लागत नव्हतं!

पहिलं वळण. मागची ट्रॉली सरकू लागली. कोणीतरी ओरडलं, "म्हातारबा, वळवा!" तात्या थांबले. माझी मूठ आवळली गेली. मीच महिनाभर या थांबण्याला नावं ठेवत होते आणि आता देवाला म्हणत होते, थांबू दे, अजून थोडं थांबू दे. मग हात चार बोटं फिरला. सरळ.

दुसरं वळण. पिंप आणि ट्रॉली यांच्या सावल्या एकमेकींना टेकल्या. पिंप आणि ट्रॉली टेकले नाहीत. मैदान गप्प झालं होतं. निवेदकसुद्धा. इंजिनचा तेवढा आवाज.

चौकोनात मागचं चाक रेघेच्या आत. ब्रेक. तात्यांनी इंजिन बंद केलं, किल्ली काढली, खाली उतरले आणि मागे जाऊन चारी कोपरे स्वतः बघून आले. मग हात वर केला.

एक मिनिट एकोणसाठ. धक्के शून्य. (माझ्या मोबाइलवर दोन मिनिटं बरोबर. पंचांचं घड्याळ वेगळं. दोन्हींनी पहिलेच येतात, म्हणून दोन्ही लिहिलं.)

चौदाव्या स्पर्धकाची पहिल्याच वळणावर दुमडली. पहिले तात्या. दुसरा विलास.

विलास धावत गेला. मला वाटलं, पाया पडेल. त्याने बापाला उचललंच. बहात्तर वर्षांचं माणूस हवेत, धोतराचा सोगा विलासच्या तोंडावर, आणि तात्या ओरडतायत, "सोड, गाढवा, बरगड्या मोडशील! एवढी घाई कशाची हाय तुला?"

फेटा बांधला, ढाल दिली. निवेदकाने माईक पुढे केला. तात्यांनी तो हातात घेतला, नीट बघितला, चालू आहे का ते बोटाने टकटक करून पाहिलं. लोक थांबलेले. मग म्हणाले:

"कॅलेंडरच बघा. तारीख लिवून ठिवा."

शिट्ट्या थांबेनात.

२४ फेब्रुवारी, सोमवार

वर्गात हसत होते म्हणे मी. मुलींनी विचारलं.

मुलाणी मॅडमना सावलीचं सांगितलं तर त्या खुर्चीतून उठल्याच. "एक वाट बंद झाली तर मेंदूने दुसरी काढली!" मग लगेच स्वतःच: "एवढ्यावरून सिद्ध काही होत नाही हां." मी म्हणाले, माहीत आहे. दोघी खूप हसलो.

सिद्ध काय झालं? तात्या रिकाम्या ट्रॉल्या, आखलेल्या वाटेवर, उतरत्या उन्हात, कोणापेक्षाही नीट उलट्या नेतात. एवढं. आणि एवढं फार आहे. पण डांबरी रस्ता अजून वहीत रिकामाच आहे.

विलासचा फोन. ट्रॅक्टर परत सांगवीला आणताना तोच चालवत होता, तात्या शेजारी. म्हणाला, "ताई, येताना त्याच पुलावर एक कुत्रं आडवं आलं. मी गच्चकन ब्रेक मारला. रिकाम्या हुत्या म्हणून, नायतर..." जरा थांबून: "त्या दिवशीचं मी बघितलं ते बरोबर बघितलं का, आता मला खात्री वाटंना."

विलास थांबून बोलला. हेही नोंदवते.

२ मार्च, रविवार

सांगवी. ढाल भिंतीतल्या देवळीत, फेटा खुंटीवर. आईने फेट्यावर प्लॅस्टिक घातलंय, धूर लागू नये म्हणून. "बघत बसत्यात दिसभर ढालीकडं," म्हणाली. "म्या म्हनलं, ती हालत न्हाय, निवांत बघा."

ऊस संपत आला. शेवटच्या दोन खेपा राहिल्या, पहिली आजच. विलासने विचारलं, "मग ताई, रस्त्याचं काय?"

मी वही उघडली. तिथे लिहिलं आहे: ऊन असताना, विलास शेजारी असताना, सावकाश. पुढे प्रश्नचिन्ह. ते पुसायचं धाडस झालं नाही आणि त्याला उत्तर देण्याचंही. तेच त्यांना वाचून दाखवलं, प्रश्नचिन्हासकट.

तात्यांनी ऐकून घेतलं. मग टेबलावरची पट्टी उचलली. "हात पुढं कर. तू लय मोजलंस. आता मी मोजतो."

मी कोपर टेकवलं, बोटं उघडली. तात्यांनी पट्टी धरली आणि नुसता खांदा हलवला. मी मूठ मिटली. पट्टी त्यांच्या हातातच. परत. परत खांदा, परत माझी मूठ. विलास आणि आई हसून लोळायला आलेले.

"लिव," तात्या म्हणाले. "दोनदा बाद. खोडायचं न्हाय."

लिहिलं.

मग त्यांनी पट्टी खाली ठेवली आणि विलासकडे हात केला. विलासने खिशातून किल्ली काढून दिली, या वेळी सरळ, मध्ये मी नव्हते. तात्यांनी ती दोऱ्याला धरून माझ्या उघड्या तळहातावर लोंबती धरली, वीतभर वर.

"आता ऐक. ज्या दिवशी मला आतनं कळंल, त्या दिवशी मी हिला हितनंच सोडीन. तुझ्या हातात. तवा धर. त्याच्या आधी मूठ मिटायची न्हाय."

"आणि तुम्हाला कळलंच नाही तर?"

ते किल्ली तशीच धरून थांबले. किल्ली हलत होती. बाहेर ऊन होतं, अंगणात ट्रॅक्टर, त्याच्यामागे भरलेल्या ट्रॉल्या. मी त्यांच्या बोटांकडे बघत होते, खांद्याकडे नाही. तळहात उघडा. एक, दोन, तीन... मूठ मिटली नाही.

"आत्ता जमलं बघ," तात्या म्हणाले आणि किल्ली बंडीच्या खिशात टाकून बाहेर ऊन किती आहे ते बघायला गेले.